सराफ्यात झारेकरी आहेत, चुंबकाच्या गाळाला कोण?

सांवेररोडकर

नमस्कार मंडळी,

इंदूरला सांवेर रोडवर माझी एक शेड आहे. परदेशातून आलेले नियो मॅग्नेटचे, म्हणजे नियोडिमियमच्या ताकदवान चुंबकांचे ब्लॉक कापायचे, घासून मापात आणायचे, प्लेटिंग करून घ्यायचे आणि शेवटी चार्ज करून गिऱ्हाइकाला द्यायचे, हे काम मी १९ वर्षं करतोय. आज लिहायला बसलो ते शेडच्या मागच्या भिंतीला लागून उभ्या असलेल्या ११ ड्रमांमुळे.

त्या ड्रमांत गाळ आहे. बारीक तुकड्यांची ऑर्डर असली की १०० किलो ब्लॉकमधून ७०-७५ किलोच माल हाती लागतो. बाकीचा सगळा हिऱ्याच्या चाकाखाली भुकटी होऊन कूलंटबरोबर वाहून जातो आणि टाकीच्या तळाशी बसतो. काळाशार, बोटांत धरला तर भिजवलेल्या मेंदीसारखा मऊ. साबणाने हात धुतले तरी तळव्याच्या रेषांत राहतो. माझी आई म्हणायची, तुझ्या हातावरचं भविष्य आता ज्योतिषाशिवाय वाचता येईल.

हा गाळ आम्ही पाण्याखाली ठेवतो, कारण कोरडा पडला की आपसूक पेटतो. चार वर्षांपूर्वी मे महिन्यात लग्नाच्या गडबडीत आठ दिवस कुणी मागे फिरकलं नाही. एका ड्रममधलं पाणी आटलं. मी परत आलो तेव्हा ज्वाळा नव्हती, धूरही नव्हता, पण पत्र्याला हात लावला आणि चटका बसला. आत कडेने लालसर निखारा सरकत होता, उदबत्ती जळते तसा. पोराने पाण्याची बादली उचलली होती, ती मी त्याच्या हातातून काढून घेतली. पेटलेल्या धातूच्या भुकटीवर पाणी ओतलं की हायड्रोजन सुटतो आणि आग भडकते. कोरडी वाळू टाकून विझवलं. तेव्हापासून रोज सकाळी ड्रम बघितल्याशिवाय मी मशीन चालू करू देत नाही.

आता मुद्दा. नियो मॅग्नेटमध्ये वजनाने साधारण ३० टक्के दुर्मिळ मृदा धातू असतात, म्हणजे नियोडिमियम, प्रासिओडिमियम, आणि तापणाऱ्या मोटरचा ग्रेड असेल तर थोडं डिस्प्रोसियम किंवा टर्बियम. १ टक्क्याच्या आसपास बोरॉन आणि उरलेलं बहुतेक लोखंड. तेच सगळं या गाळात आहे. ज्या मालासाठी २०२५ च्या उन्हाळ्यात, चीनने निर्यात आवळल्यावर, आम्ही पुरवठादारांच्या विनवण्या करत होतो, तोच माल माझ्या मागच्या भिंतीला पडून आहे.

लहानपणी सराफ्यात दुकानं उघडायच्या आधी झारेकरी येताना मी पाहिलेत. सोनाराच्या दुकानापुढची धूळ, गटारातला गाळ, भट्टीची राख, सगळं गोळा करून धुवायचे आणि त्यातून सोन्याचा कण काढायचे. तो धंदा चालायचा कारण कण निघाला की पलीकडे तो घेणारा सोनार बसलेलाच असायचा. माझ्या गाळाला झारेकरी मिळत नाही, कारण त्याच्या पलीकडे कुणी बसलेलं नाही. गाळातून ऑक्साईड काढता येईल. पण ऑक्साईडचा धातू करणारा, धातूची मिश्रधातूची पत्री करणारा, पत्रीचा ब्लॉक करणारा ही मधली आळी आपल्याकडे जवळजवळ रिकामी आहे.

आपल्याकडे बातम्या येतात त्या खाणीच्या, केरळ-ओडिशाच्या किनाऱ्यावरच्या वाळूच्या. नाहीतर गाड्यांच्या. त्या दोन्हींच्या मधे काय घडतं ते कुणी सांगत नाही, म्हणून थोडं सांगतो. धातू निर्वात भट्टीत वितळवून, फिरत्या आणि आतून पाण्याने थंड ठेवलेल्या तांब्याच्या चाकावर ओततात. त्याची ०.३ मिलीमीटरच्या आसपास जाडीची पत्री पडते. तिला हायड्रोजन पाजला की ती फुगते आणि तडकते. मग नायट्रोजनच्या झोतात कणावर कण आपटून ३ ते ५ मायक्रॉनची भुकटी करतात. ती भुकटी जोरदार चुंबकीय क्षेत्रात दाबतात, म्हणजे प्रत्येक कण एकाच दिशेला तोंड करून बसतो. मग १,०५० अंशांच्या पुढे निर्वातात सिंटरिंग, त्यानंतर कमी तापमानाला दोनदा मुरवणं. एवढं झालं की ब्लॉक तयार होतो, आणि तिथून पुढे माझं काम सुरू होतं.

मी ज्याला माझा धंदा म्हणतो तो या साखळीचा शेवटचा तुकडा आहे, आणि एवढ्यावर आपण स्वतःला मॅग्नेट बनवणारे म्हणवून घेतो हे मला टोचतं.

दोन प्रश्न आहेत. एक, हा गाळ रीतसर घेणारं कुणी माहीत आहे का? दोन, माझा पुतण्या यंदा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि या धंद्यात यायचं म्हणतो. त्याने काय शिकावं?

माळव्याची_मंजू

दादा, लेख दोनदा वाचला. एक कळलं नाही. भुकटी दाबतानाच सगळे कण एका दिशेला बसवले, तर ब्लॉक तेव्हाच चुंबक झाला ना? मग शेवटी चार्ज करता म्हणजे काय?

सांवेररोडकर

मंजूताई, छान प्रश्न. दाबताना कणांची फक्त बैठक ठरते, आणि दाबून झाल्यावर त्याच जागी उलट क्षेत्र देऊन तो गोळा शांत करतात, नाहीतर हाताळता येत नाही. पुढे भट्टीत तर काहीच उरत नाही. या मिश्रधातूचं चुंबकत्व ३१० अंशांच्या आसपासच मावळतं आणि आपण हजाराच्या वर नेतो. बैठक मात्र तशीच राहते. माझ्याकडे येणारा ब्लॉक मेलेला असतो. खिळा जवळ नेला तर हलतसुद्धा नाही. म्हणून तर तो कापता येतो. सगळं झाल्यावर कॉइलमध्ये ठेवून कपॅसिटरचा एक झटका द्यायचा, डोळ्याची पापणी लवते न लवते तोच, की तो तुकडा जिवंत.

सिंटरिंगचं म्हणाल तर रव्याचा लाडू डोळ्यांपुढे आणा. रव्याचे कण वेगळेच राहतात, पाक त्यांच्या मधून फिरतो आणि बांधून ठेवतो. इथे मूळ कण नियोडिमियमचे २, लोखंडाचे १४ आणि बोरॉनचा १ अणू या मापाचे. आणि पाक म्हणजे नियोडिमियम जास्त असलेला भाग, जो कणांच्या आधी वितळतो. हा पाक फक्त बांधत नाही, प्रत्येक कणाला पातळ अस्तर घालून शेजाऱ्यापासून तोडतो. अस्तर नीट बसलं नाही तर एक कण उलटला की शेजारचेही उलटतात, आणि मोटर तापली की मॅग्नेटची ताकद जाते. पाक चुकला की लाडू फसतो, तसंच.

भट्टीत ब्लॉक आटतो, तोही सगळीकडून सारखा नाही. कण ज्या दिशेला तोंड करून बसलेत त्या दिशेने जास्त, आडवा कमी. आटून शेवटी माप काय येणार हे आधीच धरून साचा करावा लागतो.

वडोदऱ्याची_रसायनशाळा

दांडिया बाजारातून लिहितेय. ३१ वर्षं रसायनशास्त्र शिकवलं, आता निवृत्त.

आधी काळजीचं. पाण्याखालचा हा गाळ सावकाश गंजत असतो आणि त्यातूनही थोडा थोडा हायड्रोजन सुटतो. ड्रमांची झाकणं घट्ट लावू नका. वर वारा खेळता ठेवा, जवळ वेल्डिंग नको.

आता रीत. गाळ भाजून त्याचं ऑक्साईड करायचं, आम्लात विरघळवायचं, लोखंड मागे ठेवायचं आणि ऑक्झॅलिक आम्ल घालून दुर्मिळ मृदा तळाशी बसवायच्या. तो साका भाजला की ऑक्साईड हाती येतं. बी.एस्सी.च्या प्रयोगशाळेत जमण्यासारखं आहे. अवघड आहे ते नियोडिमियम आणि डिस्प्रोसियम एकमेकांपासून वेगळं करणं. ही भावंडं इतकी सारखी की द्रावकांच्या टाक्यांची रांगच्या रांग लावून, थोडं थोडं करत त्यांना दूर सारावं लागतं.

त्यापुढे धातू. ऑक्साईड फ्लोराईडच्या वितळलेल्या क्षारात टाकून, १,०५० अंशांच्या आसपास विजेने फोडतात. धातूचे थेंब खाली भांड्यात जमतात. ऑक्साईड किती वेगाने सोडायचं ते चुकलं तर फ्लोरिनचे घातक वायू निघतात, किंवा ऑक्साईड न विरघळता तळाशी साचतं. यात पुस्तकापेक्षा भट्टीजवळ उभ्या राहणाऱ्या माणसाचा डोळा महत्त्वाचा. सांवेररोडकर म्हणतात ती रिकामी आळी म्हणजे नेमकी ही माणसं.

फेराईट_का_नको

नमस्कार, मी विद्यार्थी आहे. फेराईट मॅग्नेट, म्हणजे लोखंडाच्या ऑक्साईडचे, आपल्याकडे भरपूर होतात, त्यात दुर्मिळ काहीच लागत नाही. मग मोटरवाले तिकडेच का वळत नाहीत?

पीथमपूरचा_खरेदीवाला

वळतातच. छताचे बीएलडीसी, म्हणजे बिनब्रशच्या मोटरचे पंखे बहुतेक फेराईटवरच चालतात. पण फेराईटची ताकद मापायची तर ऊर्जा गुणांक ३ ते ५, नियोचा ३५ ते ५२. तेवढंच काम करायला मोटर मोठी आणि जड होते. पंख्यात खपतं, स्कूटरच्या चाकात मावत नाही.

मी मोटर बनवणाऱ्या एका कारखान्यात खरेदी बघतो. ४ एप्रिल २०२५ ला चीनने सॅमेरियम, गॅडोलिनियम, टर्बियम, डिस्प्रोसियम, ल्युटेशियम, स्कँडियम आणि इट्रियम या सातांवर निर्यात परवाना लावला. डिस्प्रोसियम किंवा टर्बियम असलेले मॅग्नेटही त्यात आले. कागदावर साध्या एन ग्रेडला अडचण नव्हती, पण आम्हाला हवा असतो एसएच किंवा यूएच, म्हणजे १५० आणि १८० अंशांपर्यंत टिकणारा. माल शेवटी कुठे वापरणार याचं प्रतिज्ञापत्र, त्यावर शिक्का, त्यावर आणखी शिक्का. मी तीन महिने रोज रात्री एक्सेलमध्ये उरलेल्या मॅग्नेटचे दिवस मोजायचो. एक वेळ अशी आली की ९ दिवसांचा माल शिल्लक होता आणि लाइनवर २०० माणसं.

म्हणून सांवेररोडकर, तुमच्याशी एका बाबतीत माझं जुळत नाही. मधली आळी उभी करण्यात दहा वर्षं घालवण्यापेक्षा मॅग्नेटच नको अशी मोटर करा. इंडक्शन आहे, रिलक्टन्स आहे.

सांवेररोडकर

साहेब, तुमचे ते तीन महिने मी दुसऱ्या टोकाकडून पाहिलेत. तुमच्यासारख्यांचे फोन मलाच येत होते आणि माझ्याकडे द्यायला काही नव्हतं.

रिलक्टन्स जरूर करा. पण पवनचक्की, एमआरआय, हार्ड डिस्क, रोबोटचा सांधा, क्षेपणास्त्राचं सुकाणू, इथे काय करणार? आणि दहा वर्षं म्हणाल तर आपण ती आधीच घालवलीत. २०१० मध्ये चीनकडून जपानला जाणारा माल अडला तेव्हाच सगळ्यांना कळायला हवं होतं. अमेरिकेचं उदाहरण समोर आहे. नियो मॅग्नेट १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला दोन ठिकाणी स्वतंत्रपणे सापडला. जपानमध्ये मासातो सागावा यांनी सिंटरिंगचा काढला आणि जनरल मोटर्समध्ये जॉन क्रोट यांनी झटक्यात गोठवलेल्या पट्टीचा. जनरल मोटर्सने त्यासाठी मॅग्नेक्वेंच ही कंपनी उभी केली, १९९५ मध्ये विकून टाकली आणि पुढे यंत्रं चीनला गेली. आज अमेरिकेत नव्याने कारखाने उभे करताना माणसं शोधावी लागताहेत.

सागावांची गोष्ट मी पुतण्याला सांगतो. १९७८ मध्ये एका व्याख्यानात त्यांनी ऐकलं की लोखंड आणि दुर्मिळ मृदेच्या मिश्रणात लोखंडाचे अणू फार दाटीने बसतात, म्हणून चुंबकत्व टिकत नाही. त्यांच्या मनात आलं, मधे एखादा लहान अणू घालून त्यांना जरा दूर सारलं तर? तो लहान अणू पुढे बोरॉन निघाला.

केट_रस्ता

मी इंदूरच्या राजा रामण्णा केंद्रात, अणुऊर्जा विभागाच्या संशोधन संस्थेत, काही वर्षं काम केलंय. (जुन्या इंदूरकरांना ते अजून केटच.) तिथल्या इंडस-२ या इलेक्ट्रॉन गोल फिरवणाऱ्या यंत्रात अनड्युलेटर आहेत. त्यांत चुंबकाच्या तुकड्यांच्या वरखाली दोन रांगा असतात आणि त्यांच्यामधून इलेक्ट्रॉन नागमोडी जातात. तिथे शिकलो की दोन तुकडे कधीच सारखे नसतात. एकाच लॉटमधल्या तुकड्यांची ताकद टक्का-दीड टक्का इकडेतिकडे, चुंबकत्वाची दिशा अंशभर कलती. म्हणून प्रत्येक तुकडा मोजायचा, त्याची कुंडली लिहायची आणि मग कोण कोणाशेजारी बसला की दोघांची चूक एकमेकांत जिरेल ते संगणकावर ठरवायचं. नुसता गॉसमीटर (चुंबकीय क्षेत्र मोजायचं यंत्र) टेकवून माल पास करणाऱ्यांना हे अति वाटेल. पण पुतण्याने काय शिकावं विचारलंत म्हणून सांगतो, मोजायला शिकू दे. हेल्महोल्ट्झ कॉइलवर, म्हणजे तुकड्याची एकूण ताकद मोजणाऱ्या दोन कड्यांत, प्रत्येक तुकडा मोजायची सवय लागली की भट्टीत काय चुकलं ते मालच बोलतो.

मकरपुरा_प्लेटिंग

वडोदऱ्याहून. आमच्याकडे नियोवर निकेल, तांबं, पुन्हा निकेल असे तीन थर चढतात. नियोची कड काचेसारखी उडते, म्हणून आधी बॅरलमध्ये गारगोट्यांबरोबर घोळवून कडा गोल कराव्या लागतात. आणि आम्लात दोन-चार सेकंद जास्त झाले की आम्ल बारीक छिद्रांत शिरून बसतं. वरून प्लेटिंग आरशासारखं दिसतं, तीन महिन्यांनी फोड येतो आणि आत पांढरी-करडी राख. असा एक पूर्ण लॉट आमच्याकडून गेला होता. गिऱ्हाईक मोटर उघडून घेऊन आलं, टेबलावर ठेवलं आणि काहीच बोललं नाही. त्या दिवसापासून आम्लाच्या टाकीवर माझा भाऊ स्वतः उभा राहतो, हातात स्टॉपवॉच घेऊन.

पीथमपूरचा_खरेदीवाला

सांवेररोडकर, रिलक्टन्सचं मी सोडत नाही, पण तुमचं म्हणणं पटलं. उपयोगाचं सांगतो. २६ नोव्हेंबर २०२५ ला केंद्राने सिंटर्ड मॅग्नेटसाठी ७,२८० कोटींची योजना मंजूर केली. वर्षाला ६,००० टन, ऑक्साईडपासून तयार मॅग्नेटपर्यंत सगळी साखळी एकाच छपराखाली, जास्तीत जास्त पाच कंपन्या, प्रत्येकीला १,२०० टनांपर्यंत. मुदत ७ वर्षं, त्यातली पहिली २ उभारणीची. म्हणजे तुमच्या रिकाम्या आळीत कुणीतरी राहायला येतंय.

तुमच्या गाळाच्या कामाची मात्र दुसरी आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये महत्त्वाच्या खनिजांच्या पुनर्वापरासाठी १,५०० कोटी मंजूर झाले, आणि त्यातला एक तृतीयांश भाग लहान आणि नव्या उद्योगांसाठी राखून ठेवलाय.

वडोदऱ्याची_रसायनशाळा

ही दुसरी योजना मला जास्त मोलाची वाटते, आणि त्याला कारण आपली किनाऱ्यावरची वाळू आहे. तिच्यातल्या मोनाझाईट या खनिजात सिरियम आणि लँथॅनम भरपूर, नियोडिमियम एकूण दुर्मिळ मृदांच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास, आणि डिस्प्रोसियम-टर्बियम नावापुरतं. शिवाय त्यात थोरियम असतं, म्हणून ती वाळू अणुऊर्जेच्या नियमांखाली येते आणि कुणीही उठून उपसू शकत नाही. एक किलो नियोडिमियमसाठी दोन किलोंहून जास्त सिरियम पदरात पडतं आणि त्याला तेवढं गिऱ्हाईक नाही. याउलट सांवेररोडकरांच्या ड्रममध्ये सिरियम नाही, थोरियम नाही, आणि वाळूत जे मिळत नाही ते डिस्प्रोसियम आहे. गाळ हीच आपली सगळ्यात श्रीमंत खाण आहे.

सराफ्यातली_लेक

मॅग्नेटमधलं मला काही कळत नाही, पण झारेकऱ्यांचं वाचून थांबले. आमची चार पिढ्यांची पेढी सराफ्यात. आमच्याकडे सोन्याच्या कामाची केरसुणी वेगळी आणि चांदीची वेगळी. पाटाखालची धूळ रोज संध्याकाळी वेगवेगळ्या डब्यांत भरायची, डब्यावर आजी खडूने काय काम झालं ते लिहायची. झारेकरी आला की आधी डब्याचा खडू वाचायचा, मग भाव बोलायचा. मिसळलेल्या धुळीला तो अर्धाही भाव देत नसे. वेगळं करण्यातच त्याचा दिवस जायचा ना.

सांवेररोडकर, तुमच्या ११ ड्रमांवर काय लिहिलंय?

सांवेररोडकर

ताई, काहीच नाही. तुमचा प्रतिसाद काल रात्री वाचला आणि झोप उडाली. आजवर एसएच, यूएच, साधा एन, मधे केलेलं थोडं सॅमेरियम कोबाल्टचं काम, सगळं एकाच टाकीतून एकाच ड्रममध्ये गेलंय. रसायनशाळा बाई म्हणतात तो डिस्प्रोसियमचा माल मीच माझ्या हाताने साध्या मालात बुडवला.

आज सकाळपासून हे केलं. यूएच आणि एसएचच्या मशीनला वेगळी टाकी लावली. झाकणं सैल केली, वर जाळी टाकली. जॉब कार्डं काढून बसलो आणि तारखांवरून ड्रम जुळवतोय. शेवटचे तीन जवळजवळ निव्वळ यूएचचे आहेत, त्यांचे नमुने भिजलेलेच बरणीत भरून तपासणीला पाठवतोय. केट_रस्ता, पुतण्याला कॉइलवर मोजायला कुठे शिकता येईल ते व्यक्तिगत निरोपात सांगाल का? पीथमपूरकर, अर्ज भरायला लागलो की तुम्हाला गाठतोच.

एक ते पाच ड्रमांचा हिशेब लागला. सहाव्याचा लागत नाही. पुतण्या पांढरा ऑइल पेंट घेऊन उभा आहे आणि विचारतोय, यावर काय लिहू?

सराफ्यातली_लेक

"मिसळ" लिहा आणि तारीख घाला. आजीही तेच लिहायची.